पाळीव न्यूट: खाणं, अंडी आणि पिल्लं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः दोन जातींबद्दल आहेत: चिनी फायर-बेली न्यूट (सायनॉप्स ओरिएन्टॅलिस) आणि जपानी फायर-बेली न्यूट (सायनॉप्स पायरोगॅस्टर). पाळीव न्यूटमध्ये याच दोन जाती सर्वांत जास्त दिसतात आणि वनस्पती लावलेल्या टाकीत दोन्ही छान रमतात. प्रश्न बहुतेक वेळा ‘अंडी कशी घालतील?’ असा येतो. खरं तर टाकी गार असेल आणि पोट भरलेलं असेल तर अंडी आपोआप येतात. दमछाक होते ती पुढे, पिल्लं पाणी सोडून बाहेर येतात तेव्हा. म्हणून त्या भागावर जरा जास्त लिहिलं आहे.

न्यूट म्हणजे पालीचाच प्रकार ना?

दिसायला तसाच, पण नाही. पाल सरपटणारा प्राणी, न्यूट उभयचर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला. अंगावर खवले नसतात, कातडी ओलसर असते आणि त्या कातडीतून तो श्वासही घेतो. पाण्यातली घाण थेट अंगात जाते ती यामुळेच.

भारतात न्यूट पाळता येतो का?

भारतात आढळणारा न्यूट हा हिमालयातला. दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येच्या डोंगरांत टायलोटोट्रायटन प्रजातीचे न्यूट राहतात. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला त्यांच्यासाठी अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार हिमालयी न्यूटला संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा विषयच नको. सह्याद्रीत न्यूट नाहीत. पावसाळ्यात ओढ्याकाठी शेपटीवालं काही दिसलं तर ते बेडकाचं पिल्लू असेल किंवा सरडा.

परदेशी जातींसाठी आयातीची परवानगी लागते आणि नियम बदलत असतात. विक्रेत्याकडे कागद नसतील तर घेऊ नका. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०१६ पासून तिथे सायनॉप्ससह बऱ्याच प्रकारच्या सॅलॅमँडरच्या (शेपटीवाल्या उभयचरांच्या, न्यूट त्यांतलाच) आयातीवर बंदी आहे. कॅनडानेही २०१७ मध्ये आयात थांबवली. घरी वाढवलेले न्यूट पाळणाऱ्यांकडून घेणं हाच तिथला सरळ रस्ता. इंग्लंडमधल्या मंडळींच्या बागेतल्या तळ्यात न्यूट आपणहून येतात, ते तिथेच राहू द्या. त्यातला ग्रेट क्रेस्टेड न्यूट कायद्याने संरक्षित आहे, त्याला परवान्याशिवाय हातही लावता येत नाही.

आमच्याकडे मे महिन्यात खोली ३४ अंशांवर जाते. जमेल का?

एसी किंवा चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) नसेल तर नाही. हे गोडीगुलाबीने सांगण्यात अर्थ नाही. या दोन्ही जातींना १५ ते २० अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २४ च्या वर त्यांचं खाणं सुटतं, बुरशी आणि जंतूंचे आजार लागतात, आणि तसंच चालू राहिलं तर जीव जातो. टाकीवर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत तेवढेही उतरत नाहीत. बर्फाची बाटली टाकणं म्हणजे दिवसातून चार वेळा पाणी गार-गरम करणं. एखाद्या दुपारी वीज गेली तर ठीक, रोजचा उपाय म्हणून नाही.

बंगळूरला किंवा महाबळेश्वरला राहता म्हणून सुटलात असंही नाही. थर्मामीटर टाकीत ठेवा आणि एप्रिलचा आकडा बघून मग ठरवा.

टाकी केवढी हवी आणि कोणत्या वनस्पती लावू?

दोन-तीन न्यूटना ५० ते ६० लिटरची टाकी पुरते. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. झाकण घट्ट हवं, कारण ओल्या पोटाने न्यूट काच चढतो आणि फिल्टरच्या वायरसाठी ठेवलेल्या फटीतून निघून जातो. दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली वाळलेला सापडतो.

फिल्टर स्पंजचा घ्या. जोराचा प्रवाह त्यांना सोसत नाही. पाणी क्लोरीन काढलेलं हवं, आणि न्यूट आणण्याआधी टाकी निदान महिनाभर चालवून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले हवेत. निव्वळ आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरत नाहीत.

वनस्पती मंद प्रकाशात आणि गारव्यात तग धरणाऱ्या निवडा: जावा मॉस, जावा फर्न, अनुबियस, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, इजेरिया. अंड्यांसाठी मऊ, दुमडता येईल असं पान लागतं, त्यामुळे इजेरिया आणि जावा मॉस हवंच. अनुबियसचं जाड पान मादीला दुमडता येत नाही, ते फक्त बसायला. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावू नका. गोगलगायी मारायची तांब्याची औषधं तर चुकूनही नकोत. तळाला बारीक वाळू घाला किंवा काहीच नको. हरभऱ्याएवढी खडी घातलीत तर किड्याबरोबर न्यूट तीही गिळतो. पाण्यावर तरंगणारा कॉर्कचा तुकडा ठेवा, वाटलं तर वर येऊन बसेल.

खायला काय द्यायचं?

गांडूळ. बाकी सगळं त्याच्या नंतर.

गांडुळात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही न्यूटला हव्या तशा प्रमाणात असतात आणि नुसत्या गांडुळावर न्यूट वर्षानुवर्षं निरोगी राहतात. फक्त कुठलं गांडूळ, हा प्रश्न आहे. आपल्याकडे गांडूळखताच्या बेडवर सर्रास मिळतं ते आयसेनिया फेटिडा. डिवचल्यावर ते पिवळसर, कडवट द्रव सोडतं. न्यूट ते तोंडात घेतो, मान झटकतो आणि थुंकतो. काही न्यूट मुकाट खातात, काही नंतर तुमच्या चिमट्याकडेच संशयाने बघायला लागतात. तुकडे करून स्वच्छ पाण्यात धुऊन दिले तर चव थोडी उतरते. ज्या मातीत खत-औषधं पडलेली नाहीत तिथलं साधं मातीतलं गांडूळ मिळालं तर उत्तम. रस्त्याकडेचं, लॉनवरचं घेऊ नका. तुकडा न्यूटच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा जाड नको.

दुसऱ्या क्रमांकावर गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्या. दुकानात सहज मिळतात, न्यूटना आवडतात, पण त्यांच्यावरच भागवू नका. ते हाताळून काही जणांना शिंका येतात, डोळे खाजतात. ही खरी अ‍ॅलर्जी असते, तेव्हा चिमटा वापरा. डॅफ्निया आणि मोइना (गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव) पोटाला हलके असतात आणि शिकारीची मजाही देतात. डासांच्या अळ्या तर न्यूटची मेजवानीच. पण बादलीत डास पाळत बसलात तर महापालिकेची नोटीस आधी येईल. त्यापेक्षा मोइनाचं पिंप परवडलं.

जिवंत ट्युबिफेक्स टाळा. ते गटाराच्या गाळातून येतात आणि सोबत काय काय आणतात ते धुऊन जात नाही. मीलवर्मचं कवच कठीण असतं. चिकन, मटण, खिमा, उकडलेलं अंडं यातलं काहीही नको. माशांचे फ्लेक्स न्यूट सहसा ओळखतही नाही. ते तळाला कुजतात आणि अमोनिया वाढवतात.

किती वेळा?

मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. पोट किंचित गोल दिसेल एवढं. न्यूट भूक असो-नसो काचेपाशी येऊन आशेने बघतो, त्याला भुलू नका. उरलेलं तासाभरात काढा.

आठ दिवस झाले, काहीच खात नाही.

आधी पाण्याचं तापमान बघा, मग अमोनिया. दोन्ही ठीक असतील तर थांबा. नव्या घरी आलेला न्यूट आठवडा-पंधरा दिवस उपाशी राहू शकतो. कात टाकायच्या आधीही खाणं मंदावतं. ती कात तो स्वतःच खातो, त्यामुळे तुम्हाला दिसेलच असं नाही. मासे तोंडाशी येईल ते टिपतात, तसं याचं नसतं. न्यूट वासावर आणि हालचालीवर चालतो. चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून त्याच्या नाकासमोर हळूच हलवा. तो थबकतो, डोकं खाली घालतो, दोन-तीन सेकंद विचार केल्यासारखा स्थिर राहतो आणि मग एकदम झडप घालतो. ती दोन-तीन सेकंदं चिमटा मागे घेऊ नका. बहुतेक जण तिथेच चुकतात.

बारीक होत चाललेला, पाण्याबाहेर जाऊन बसणारा आणि तोंड उघडून राहणारा न्यूट मात्र आजारी आहे. उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

सोबत गप्पी किंवा निऑन टेट्रा ठेवले तर?

नको. उष्णकटिबंधातल्या माशांना हवं ते पाणी न्यूटला गरम पडतं, मासे न्यूटच्या शेपटीला टोचे मारतात, आणि न्यूटच्या कातडीतलं विष माशांना बाधू शकतं. न्यूटच्या दोन जातीही एकत्र ठेवू नका. गोगलगायी चालतील.

नर-मादी कसे ओळखायचे?

शेपटीच्या बुडाशी बघा. हंगामात नराचा तिथला फुगवटा ठळक, गोल दिसतो, मादीचा लहान आणि निमुळता. मादी अंगाने मोठी आणि भरलेली असते. जपानी जातीच्या नराच्या शेपटीवर हंगामात निळसर-जांभळी झाक चढते. पिल्लांमध्ये काही कळत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

जोडी जमायला काय करावं लागतं?

हिवाळा द्यावा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी ८ ते १२ अंशांवर राहिलं, खाणं कमी झालं, दिवस लहान राहिला, आणि मग हळूहळू १५-१८ अंशांपर्यंत नेत प्रकाश आणि खाणं दोन्ही वाढवलं की नरांना जाग येते. युरोपात गार गॅरेजमध्ये हे फुकटात होतं. चिलरवाल्यांनी १४-१५ पर्यंत उतरवलं तरी बऱ्याचदा काम होतं. बदल दिवसाला एखादा अंश, त्याहून जास्त नाही.

नर मादीच्या वाटेत आडवा येतो, शेपूट अंगाशी दुमडून तिचं टोक थरथरवतो आणि त्या पाण्याच्या झुळकेतून आपला गंध तिच्या नाकापर्यंत पोचवतो. जपानी न्यूटच्या या गंधातलं द्रव्य म्हणजे सोडेफ्रिन. ते १९९५ मध्ये शोधलं गेलं, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधलं ते पहिलं ओळखलेलं पेप्टाइड प्रकारचं (म्हणजे अगदी छोट्या प्रथिनासारखं) कामगंध-द्रव्य ठरलं. मादी राजी असेल तर ती नराच्या शेपटीला नाकाने स्पर्श करते. मग तो तळाला शुक्राणूंची छोटी पुडी सोडतो, मादी त्या पुडीवरून चालत जाते आणि ती उचलते. बेडकांसारखी मिठी इथे नसते. फिल्टरचा प्रवाह जोरात असेल तर सगळा बेत वाहून जातो.

माझ्याकडे एकच मादी आहे, तरी अंडी आली. कसं काय?

मादी शुक्राणू महिनोन् महिने अंगात साठवून ठेवते. आधीच्या टाकीत नर भेटला असणार. अशा अंड्यांतून पिल्लंही निघतात.

अंडी कशी घालते? बाजूला कधी काढायची?

हे बघायला मिळालं तर सोडू नका. मादी आधी पान हुंगते, दोन-चार पानं नाकारते. पसंत पडलं की पोट वर करते आणि मागच्या दोन्ही पायांनी पान पकडून दुमडते, अगदी विड्याच्या पानासारखं. त्या घडीत एकच अंडं सोडते आणि चिकटेपर्यंत काही मिनिटं पान तसंच दाबून धरते. मग दुसरं पान. हे काम आठवडे चालतं आणि एका हंगामात शंभराच्या वर अंडी सहज होतात.

आईबापांना आपली अंडी आणि खाऊ यात फरक कळत नाही. एकीकडे मादी अंडं चिकटवत असते आणि मागे नर त्याच पानाची घडी उकलत असतो. म्हणून रोज किंवा दिवसाआड दुमडलेली पानं देठासह कापा आणि त्याच टाकीचं पाणी भरलेल्या उथळ डब्यात ठेवा. अंडं पानावरून सोलू नका. डब्यात जावा मॉसचा एक झुपका ठेवा, उन्हापासून दूर. १८-२० अंशांना दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. गार पाण्यात जास्त दिवस लागतात.

काही अंडी पांढरी पडली.

ती फळलेली नव्हती किंवा मध्येच मेली. कापसासारखी बुरशी धरायच्या आत काढून टाका, नाहीतर शेजारच्या अंड्यांना लागते. चांगल्या अंड्यातला तपकिरी ठिपका चार-पाच दिवसांत लांबट व्हायला लागतो आणि पुढे त्याला डोकं-शेपूट दिसतं. युरोपातल्या ग्रेट क्रेस्टेड न्यूटची निम्मी अंडी गुणसूत्रांतल्या दोषामुळे मरतातच, सायनॉप्समध्ये तसं नाही. सायनॉप्सची निम्मी अंडी मरत असतील तर पाणी किंवा नर, दोन्हींपैकी एकात गडबड आहे.

नुकत्याच निघालेल्या पिल्लांना काय भरवायचं?

पहिले दोन-तीन दिवस काही नाही, अंड्यातला बलक पोटात असतो. ती मॉसला लटकून राहतात, मेली की काय वाटावं इतकी. मग जिवंत आणि हलणारंच खाणं हवं. नुकत्याच अंड्यातून फुटलेल्या आर्टेमियासारखं (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) दुसरं काही नाही. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, २५ ते २८ अंश उब, खालून हवेचे बुडबुडे, की दीड दिवसात अंडी फुटतात. बारीक मलमलीतून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि दिवसातून एक-दोनदा द्या. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो, म्हणून थोडं द्या आणि मेलेलं ड्रॉपरने ओढून घ्या. त्याच वेळी थोडं पाणी बदलून टाका.

मोइनाची लहान पिल्लंही चालतात, आणि आपल्या हवेत मोइना वाढवणं आर्टेमियापेक्षा सोपं. पिल्लं दोन सेंटिमीटरची झाली की मोठा डॅफ्निया, मग ब्लडवर्मचे तुकडे. पुढचे पाय आधी फुटतात, मागचे नंतर. बेडकाचं याच्या उलट असतं.

पिल्लाचा एक पाय गायब आहे!

भावंडाने खाल्ला. पाय परत येतो. जपानी न्यूटच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं, तरी प्रत्येक वेळी ते नव्याने तयार झालं, असा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पायाची काळजी नको. काळजी गर्दीची करा. मोठी-लहान पिल्लं वेगळ्या डब्यांत ठेवा आणि खाणं वाढवा.

कल्ले आखूड होऊ लागले. आता?

आता खरी कसोटी. साधारण तीन ते पाच महिन्यांनी कल्ले झिजतात, कातडी काळवंडते, पिल्लू पृष्ठभागाशी रेंगाळतं आणि मॉसवर चढून बसतं. या वेळी पाण्याची पातळी काही सेंटिमीटरवर आणा आणि सहज चढता येईल असा उतार द्या. कल्ले गेलेलं पिल्लू खोल पाण्यात बुडून मरतं. पाण्यात जन्मलेल्या जिवाचं असं व्हावं हे नवख्यांना खरंच वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वर आलेलं पिल्लू हवेशीर झाकणाच्या डब्यात हलवा. तळाला ओला टिश्यू पेपर, एका कोपऱ्यात मॉस, एक झाडाच्या सालीचा तुकडा. एक बाजू ओली आणि एक नुसती दमट. सगळा डबा चिंब ठेवला तर पिल्लं आजारी पडतात, सुकला तर एका रात्रीत जातात. टिश्यू दर दोन-तीन दिवसांनी बदला. माती दिसायला छान, पण त्यात मेलेला किडा आणि न खाल्लेलं खाणं सापडत नाही.

खाणं अगदी बारीक हवं: स्प्रिंगटेल (ओलाव्यात राहणारे, उड्या मारणारे चिमुकले किडे), न उडणाऱ्या फळमाश्या, व्हाइटवर्म (गांडुळाच्या जातकुळीतले बारीक पांढरे किडे), गांडुळाचे मोहरीएवढे तुकडे. पाण्यात असताना अधाशी असलेलं पिल्लू इथे आठवडाभर कशालाच तोंड लावत नाही. स्प्रिंगटेलचा डबा पिल्लं बाहेर यायच्या दोन महिने आधी सुरू करा. कोळशाचे तुकडे, तळाला जरासं पाणी, वर चार दाणे तांदूळ, एवढ्यावर तो चालतो. पिल्लू बाहेर आल्यावर स्प्रिंगटेल शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

ही जमिनीवरची अवस्था वर्ष ते तीन वर्षं चालते. परत पाण्यात जायची इच्छा झाली की ती पाण्याच्या वाटीत जाऊन बसायला लागतात. मग उथळ, वनस्पतींनी गच्च भरलेल्या टाकीत सोडा. जबरदस्तीने सोडलेलं पिल्लू मॉसच्या सर्वांत वरच्या टोकावर बसून राहतं.

घरच्या पिल्लांचं पोट लाल न होता पिवळंच का?

लाल रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून येतो. निसर्गात तो बारीक कवचधारी प्राण्यांतून मिळतो. पाण्यात असल्यापासून आर्टेमिया आणि डॅफ्निया भरपूर दिले तर रंग सुधारतो, मोठेपणी मात्र फारसा बदलत नाही. तब्येतीशी त्याचा संबंध नाही.

मुलं हातात घ्यायचा हट्ट करतात. विषारी असतो ना?

कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगा माशात असतं तेच. आपल्या जखम नसलेल्या कातडीतून ते आत जात नाही, पण तोंडात, डोळ्यात किंवा जखमेत जाऊ नये. हात आधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुवा. आधी न्यूटसाठी, नंतर तुमच्यासाठी. मांजर असेल तर झाकणाला क्लिप लावा. मुलांना हातात देण्यापेक्षा चिमट्याने भरवू द्या, त्यांना तेच जास्त आवडतं.

साठ पिल्लं झाली. तलावात सोडली तर जगतील ना?

सोडू नका, जगली तरी आणि मेली तरी. २०१३ मध्ये ओळखली गेलेली बीसॅल नावाची बुरशी नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरना जवळजवळ संपवून गेली, आणि तिचा उगम आशियातल्या सॅलॅमँडरमध्ये असल्याचं दिसलं आहे. आशियातले न्यूट स्वतः आजारी न दिसता ती वाहून नेऊ शकतात. टाकीचं पाणीही ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. ते सांडपाण्याच्या नळात जाऊ द्या. नवा न्यूट आला की दोन-तीन महिने वेगळा ठेवा, त्याचा चिमटा आणि जाळीही वेगळी.

किती पिल्लं वाढवायची हे अंडी असतानाच ठरवा. दहा पिल्लांना पुरेल एवढेच स्प्रिंगटेल आणि डबे असतील तर पंधरा अंडी काढा आणि बाकीची मोठ्यांच्या टाकीतच राहू द्या, ते खाऊन टाकतील. ते नको असेल तर घातलेल्या दिवशीच, ठिपका गोल असतानाच, पानासकट डीप फ्रीझरमध्ये ठेवा.